पत्ता नसलेलं खातं

१९८६ साली मी भायखळ्याजवळच्या एका शाखेत नवखा अधिकारी होतो. एके दुपारी फुटपाथवर राहणारी एक बाई खातं उघडायला आली. मी पत्ता विचारला. "समोरचाच की साहेब, त्या भिंतीला लागून," ती म्हणाली. मी रेशनकार्ड मागितलं, ओळख देणारा खातेदार मागितला आणि तिला परत पाठवलं. नियमाने माझं काही चुकलं नव्हतं. तरी ते आजही खुपतं.

आदल्या वर्षी, जुलै १९८५ मध्ये, ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला. पण फुटपाथवरच्या झोपड्या हटवायची मुभाही पालिकेला दिली. त्या धास्तीच्या दिवसांत 'स्पार्क'च्या कार्यकर्त्यांनी या माणसांची मोजणी केली. १९८६ मध्ये तिथल्याच बायकांची 'महिला मिलन' उभी राहिली. जॉकिन अर्पुथम यांची झोपडपट्टीवासीयांची राष्ट्रीय संघटना जोडीला होतीच.

त्यांची रीत मला बँकवाला म्हणून फार भावते. सभा-भाषणं नंतर, आधी बचत. वस्तीतलीच एखादी बाई दारोदार फिरून रोजची चिल्लर गोळा करी. पैसा हे निमित्त. रोज दारात उभं राहिलं की कुणाचं पोर तापलंय, कोण सावकाराच्या व्याजात बुडालंय, हे आपसूक कळतं. (आमच्या शाखेला दहा वर्षांत कळत नसे!) आणि जिने रुपया टाकला, ती हिशेब विचारायला येतेच, तिला बोलावणं धाडावं लागत नाही. पुढे घर कसं हवं हे ठरवताना या बायकांनी कापडं बांधून पुऱ्या मापाचं घर उभारलं, आत फिरून पाहिलं आणि पोटमाळ्यासाठी चौदा फूट उंची मागितली.

हे सारं झटपट झालं असं मात्र नाही. पुष्कळांना मानखुर्दला पक्कं घर मिळेपर्यंत दोन दशकं उलटली.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत तुंबलेल्या गटाराबद्दल सभा होती. चौसष्ट बिऱ्हाडांतून नऊजण आले. सेक्रेटरी म्हणाले, "काका, नोटीस तर लावली होती." दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन जिने चढलो. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी दार उघडलं आणि गटाराचं राहिलं बाजूला, सासूबाईंना जिना चढवत नाही, लिफ्ट कधी दुरुस्त होणार, एवढंच विचारलं. वहीत पहिली नोंद लिफ्टची झाली.