सांडपाण्यातला माग

२००१ साली मुंबईत पोलिओने लुळं पडलेलं मूल सापडलं ते एकच. त्याच वर्षी शहरातल्या तीन दाटीच्या झोपडपट्ट्यांमधून दर आठवड्याला सांडपाणी उचलून तपासलं जात होतं. एकूण १३७ नमुन्यांपैकी ३५ नमुन्यांत पहिल्या प्रकारचा रानटी पोलिओ विषाणू निघाला, एका नमुन्यात तिसऱ्या प्रकारचा. मूल आजारी पडलं त्याच्या तीन महिने आधीच विषाणू गटारात दिसला होता.

हे काम परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारातल्या एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटरचं. डॉ. जगदीश देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उभं केलं. त्याआधीच्या दोन वर्षांत, लसीकरण चांगलं होऊनही मुंबईत पोलिओचे तीन रुग्ण निघाले होते. विषाणू शहरातच दडून बसलाय की बाहेरून येतोय, हे दवाखान्यातले रुग्ण मोजून कळणार नव्हतं. कारण पोलिओची लागण झालेल्या सुमारे दोनशे जणांत एखादाच लुळा पडतो. बाकीचे हिंडतात, फिरतात आणि कित्येक आठवडे शौचावाटे विषाणू टाकत राहतात. त्यांची नोंद होते ती फक्त गटारात.

पण गटारातून विषाणू वेगळा काढायचा कसा? पद्धत ऐकायला साधी आहे, करायला चिवट. सकाळी, वापर जास्त असताना, लिटरभर सांडपाणी भरून घ्यायचं आणि बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत न्यायचं. गाळ वेगळा केला की त्यातल्या अर्ध्या लिटरात डेक्स्ट्रान, पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि मीठ मिसळून ते नरसाळ्याच्या आकाराच्या, खाली तोटी असलेल्या काचपात्रात रात्रभर थंडीत उभं ठेवायचं. सकाळपर्यंत दोन थर पडतात. वरचा मोठा, खालचा जेमतेम काही मिलिलिटरचा. विषाणू त्या खालच्या थरात आणि दोन्ही थरांच्या सांध्यावर गोळा झालेला असतो. तोटी हलक्या हाताने उघडून तेवढंच उतरवून घ्यायचं. घाईत जास्त सोडलं तर नमुना पातळ होतो, कमी सोडलं तर सांध्यावरचा विषाणू वरच राहून जातो. मग क्लोरोफॉर्म घालून जिवाणू आणि बुरशी मारायची. पोलिओच्या विषाणूला चरबीचं आवरण नसल्यामुळे तो यातून जिवंत सुटतो.

पुढचं काम पेशींचं. एल२०बी या उंदराच्या पेशी. उंदराच्या पेशीत पोलिओ एरवी शिरू शकत नाही, म्हणून तिच्यात मानवी जनुक घालून विषाणूला धरायला जागा करून दिलेली असते. त्यामुळे या पेशींत वाढतो तो बहुतेक पोलिओच. माणसाच्या स्नायूंतल्या गाठीपासून आलेल्या आरडी पेशींत मात्र आतड्यातले इतरही अनेक विषाणू वाढतात. दोन्हींत नमुना सोडून रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. पेशी गोल होऊन काचेपासून सुटू लागल्या की समजायचं, आत कोणीतरी आहे. पाच दिवसांत काही दिसलं नाही तर पुन्हा पाच दिवस.

एवढ्यावर भागत नव्हतं. मुलांना तोंडावाटे डोस दिले जात होते, त्यामुळे लशीतला दुबळा केलेला विषाणूही गटारात भरपूर असणारच. रानटी कोण आणि लशीतला कोण, हे रेणूंच्या चाचणीने ठरवावं लागे आणि मग व्हीपी१ या जनुकातली सुमारे नऊशे अक्षरं वाचली जात. ही अक्षरं वर्षाला साधारण शंभरात एक या गतीने बदलतात, म्हणून विषाणूची वंशावळ मांडता येते. मुंबईच्या गटारातल्या विषाणूंचे नातलग निघाले उत्तर प्रदेशातले. म्हणजे विषाणू मुंबईत मुक्कामाला नव्हता, पुन्हा पुन्हा येत होता आणि काही काळ फिरून नाहीसा होत होता. मला या सगळ्या कामात हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. मोहिमेचा जोर कुठे लावायचा, हे त्याने दाखवून दिलं.

भारतात सांडपाण्यात शेवटचा रानटी पोलिओ विषाणू सापडला तो नोव्हेंबर २०१० मध्ये, मुंबईतच. शेवटची रुग्ण जानेवारी २०११ मधली, हावड्याची. मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, त्यामागे गटारांच्या रिकाम्या निकालांचीही साक्ष होती.

आतड्यातले सगळे विषाणू मात्र इतके सोपे नाहीत. नोरोव्हायरस नेहमीच्या पेशींत वाढतच नाही, काविळीचा ई विषाणू मोठ्या कष्टाने वाढतो. त्यांच्यासाठी थेट पीसीआर करावी लागते. ती झटपट होते, पण विषाणू जिवंत होता की मेलेला, हे ती सांगत नाही. शिवाय सांडपाण्यातली काही द्रव्यं चाचणीच अडवतात. म्हणून ओळखीचा, निरुपद्रवी विषाणू ठरावीक प्रमाणात आधीच मिसळून शेवटी त्यातला किती हाती लागला हे पाहणं गरजेचं ठरतं. ते केलं नसेल तर 'आढळला नाही' या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही.

हे झालं मुंबईसारख्या शहराचं. आता नगर–सोलापूर रस्त्यावरचं, कर्जत तालुक्यातलं मिरजगाव घ्या. मुंबईची पद्धत हजारो घरांचा मैला एका नळातून एका ठिकाणी येतो या गोष्टीवर उभी आहे. अशा बाजारपेठेच्या गावांत मोरीचं पाणी उघड्या गटारात जातं आणि संडासचं शोषखड्ड्यात किंवा सेप्टिक टाकीत. गटारातून लिटरभर पाणी उचललं तर त्यात भांड्यांचं आणि धुण्याचंच पाणी जास्त भरायचं. तिथे आजही भिस्त आहे ती रुग्णावरच: पंधरा वर्षांखालचं मूल अचानक लुळं पडलं की आशाताई किंवा डॉक्टरांनी कळवायचं, चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि बर्फात घालून प्रयोगशाळेकडे पाठवायचे. ही साखळी उत्तम आहे. पण ती लुळ्या पडलेल्या मुलापासून सुरू होते. उरलेले एकशे नव्याण्णव तिला दिसत नाहीत.

मार्ग निघू शकतो. सेप्टिक टाक्या उपसणारी गाडी एका फेरीत अनेक घरांचा मैला गोळा करते, तिच्यातून नमुना घेता येईल. निवासी शाळांच्या टाक्या आहेत, ऊसतोड कामगारांच्या अड्ड्यांवर जिथे संडास आहेत तिथल्या टाक्या आहेत. टाकीत मैला महिनोन्‌महिने साठतो, त्यामुळे विषाणू कधीचा हे सांगणं अवघड जाईल. तरी तो तालुक्यात आहे का, एवढं कळलं तरी आरोग्य खात्याला आणि पाणीपुरवठ्याला पुरेसा वेळ मिळेल. हे काम परळला झालं तितक्याच काटेकोरपणे कर्जत आणि शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या गावांसाठी व्हायला हवं आणि सुरुवात त्या उपसणाऱ्या गाड्यांची तालुकावार नोंद करण्यापासून करता येईल.