चितपट ठरवायची कुणी?

महाराष्ट्र केसरी स्पर्धेत २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळला चितपटीने विजयी घोषित करण्यात आले. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असा आक्षेप घेत शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली. किताबाच्या लढतीत मोहोळसमोर महेंद्र गायकवाडनेही मैदान सोडले. कुस्तीगीर संघाने दोघांवर तीन वर्षांची बंदी घातली.

नियम काय सांगतो? दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकले आणि वरच्या मल्लाचा पूर्ण ताबा पंचांना दिसेपर्यंत ते तसेच राहिले, तरच चितपट. त्याला दुसऱ्या पंचांची संमतीही लागते. गुणांची आघाडी कितीही असो, चितपट होताच कुस्ती संपते. त्यामुळे येथे चुकीचा निर्णय अधिक महाग पडतो.

पुण्यात २०२३ मध्ये सिकंदर शेखविरुद्ध गायकवाडला दिलेल्या चार गुणांवरूनही असाच वाद पेटला होता. लाथेचे समर्थन होऊच शकत नाही. मात्र निकालाचा हात उंचावण्यापूर्वी चित्रीकरण तपासावे, ही कुस्तीशौकिनांची अपेक्षा रास्तच आहे. त्यात पंचांचाही मान राहील आणि मल्लाच्या वर्षभराच्या मेहनतीचाही.