पाऊणकीचं पाणी

त्यांनी इंजिन बंद केलं, उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात सोडला आणि कर्लीच्या मुखाकडे बघत राहिले. मिनिटभरच. मग हात झटकून म्हणाले, "आज मुखावर जावक मेळाचा नाय," आणि होडी वळवली.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दत्तजयंतीचा दिवस होता. आम्ही अकराजण होतो आणि आमच्या पावतीवर सात 'पॉइंट' लिहिलेले होते. त्यातले चार मुखापलीकडचे. होडीत वाद झाला. कुणी पैसे परत मागितले, कुणी हॉटेलवाल्याला फोन लावला. ऊन स्वच्छ होतं, वारा बेताचा होता, समुद्र निळा दिसत होता. न जाण्यासारखं काय आहे ते मलाही दिसत नव्हतं, आणि मीही गप्प राहून वाद घालणाऱ्यांच्याच बाजूला बसले होते. होडीवाले काका एक शब्द उलटून बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांच्या कोपरावरून पाणी निथळत होतं. तो ओला हात घरी आल्यावरही माझ्या डोळ्यांपुढून जाईना. त्या हाताला असं काय कळलं होतं? ते बघायला यंदा माघात मी एकटी देवबागला गेले.

देवबाग हे मालवण तालुक्याचं दक्षिण टोक. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची लांबट पट्टी. त्या पट्टीवर माड, घरं, देवळं, शाळा, आणि आता दर चार घरांआड न्याहारी-निवास. सह्याद्रीतून निघालेली कर्ली वालावल-नेरूरपारच्या बाजूने खाली येते. पण समुद्र हाकेच्या अंतरावर आला तरी लगेच त्याला मिळत नाही. दक्षिणेकडे वळून या पट्टीच्या मागून चालत राहते आणि देवबाग संपतं तिथे समुद्राला मिळते. पलीकडचा किनारा भोगव्याचा, म्हणजे तालुका वेंगुर्ला. होडीतून जायचं ते याच पाण्यातून: खाडी, संगम, मुख, मग भोगवे आणि निवतीचे किनारे.

सकाळी पावणेनऊला मी खाडीकाठी पोचले. पाणी इतकं खाली गेलं होतं की काकांची होडी अर्धी चिखलात बसली होती. आणि तो वास! कांदळवनाच्या चिखलाचा, काहीसा कुजलेल्या अंड्यासारखा, त्यात मीठ आणि सुकत घातलेल्या जाळ्यांची उग्र झाक. पर्यटक नाकाला रुमाल लावतात. काकांनी तोच वास छातीभर घेतला आणि म्हणाले, "सुकती पुरी झाली." सुकती म्हणजे ओहोटी. घड्याळ त्यांच्या हातात नव्हतं.

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बाय, आज तिथ खयची?"

मला सांगता येईना.

"गणेश जयंती ना आज? म्हणजे चवथ. चार पाऊण तीन. तीनाक भरती."

काका चौथीपर्यंत शिकलेले. वयाची साठी ओलांडली आहे. पण पावकी, निमकी, पाऊणकी अजून तोंडपाठ, आणि त्यातली पाऊणकी रोजच्या वापरातली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: अष्टमीला आठ पाऊण सहा, दशमीला दहा पाऊण साडेसात. कोकणात हा हिशोब घरोघर ठाऊक होता, अनेक घरांत अजूनही आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, तशी भरतीही रोज मागे सरकते. पाऊणकीत ती पंचेचाळीस मिनिटं धरली आहेत. थोडा फरक पडतो, पण होडीच्या कामाला तेवढी वेळ चालते. भरती दिवसातून दोनदा, म्हणजे आज पहाटेही साधारण अडीच-तीनला येऊन गेलेली. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जास्त चढतं नि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी.

मी मनातल्या मनात दत्तजयंतीची पाऊणपट केली. मार्गशीर्ष पौर्णिमा. पंधरा पाऊण सव्वाअकरा. त्या दिवशी नाश्ता, फोटो, कुणाची विसरलेली टोपी, हे सगळं करत आम्ही मुखावर पोचलो होतो दोन वाजता. उधाणाचा दिवस आणि भरती उलटून पावणेतीन तास झालेले. काकांना काही बोलले नाही, पण मान वर करून त्यांच्याकडे बघवेना.

पाणी चढायला लागेपर्यंत तासभर बसून राहिलो. चार बायका गुडघाभर चिखलात वाकून तिसऱ्या गोळा करत होत्या. पायाने चाचपायचं, बोटांनी उकरायचं, मागे बांधलेल्या टोपलीत टाकायचं. भरतीची वेळ त्यांनाही कुणी सांगावी लागत नाही. पाणी पोटरीला लागलं तशा त्या एकेक करत काठाला आल्या. मग काकांनी होडी लोटली, उलांडीवरून पाय टाकून आत आले. होडी आता फायबरची, इंजिन बाहेर लावायचं, पण उलांडी जुन्या लाकडी होडीसारखीच. बाजूला पसरलेला तो हात नसता तर एवढ्या अरुंद होडीत बारा माणसं उभीआडवी होऊन फोटो काढत बसली नसती.

खाडीतला पहिला टप्पा सोपा. दोन्ही काठांना तिवर, कांदळ, चिपी. पांढऱ्या चिपीला 2020 साली महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. काकांना ते ठाऊक नाही, पण तिच्या मुळांशी पिल्लं वाढतात म्हणून तिथे जाळं टाकायचं नाही हे वडिलांनी सांगितलेलं ठाऊक आहे. चिखलातून वर आलेली श्वसनमुळं पेन्सिली रोवल्यासारखी दिसतात. खंड्या, बगळे, वर ब्राह्मणी घार. एका वळणावर काकांनी इंजिन मंद केलं. काठाला कुणाची तरी छोटी होडी बांधलेली होती आणि तिच्यात एक म्हातारा गृहस्थ गळ टाकून बसले होते. त्यांना लाट लागू नये म्हणून. पाचच मिनिटांनी तिथूनच एक जेट-स्की सुसाट गेली आणि ती होडी पाळण्यासारखी हलली. कुणी काही बोललं नाही.

संगमाजवळ वाळूचं बेट आहे. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं सांगतात, म्हणून नाव सुनामी बेट. आता त्यावर खुर्च्या, चहा, भजी, पाण्यातले खेळ. काकांचं मत वेगळं. "वाळू पयल्यापासून येय-जाय करता. नाव तेवढा नवीन." मला त्यांचं म्हणणं पटतं. नदी वाळू आणते, समुद्र ती ढकलतो, आणि दोघांच्या मधे ती कुठे बसेल हे दर पावसाळ्यात नव्याने ठरतं. आम्ही पोचलो तेव्हा बेटाचा निम्मा भाग पाण्याखाली गेला होता आणि लोक घोटाभर पाण्यात उभे राहून फोटो काढत होते.

खरं काम इथून पुढे होतं. ते पाहायलाच मी आले होते.

मुख म्हणजे नदीचं तोंड. तिथे पाण्याखाली वाळूची पट्टी आडवी पसरलेली असते आणि तिच्यामधून एखादीच खोल वाट जाते. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्या तोंडातून जोराने बाहेर पडतं. समोरून समुद्राची लाट आत येत असते. दोन्ही समोरासमोर भिडले की लाट आखूड होते, उभी राहते आणि वाळूवर फुटते. लांबून, किनाऱ्यावरून, ती नुसती पांढरी रेघ दिसते. आम्हा अकराजणांना त्या दिवशी तीच रेघ सुंदर वाटली होती. भरती पुरी होत आली की खाडीचा जोर मरतो, वाळूवर पाणी चढतं, आणि थोडा वेळ मुख निवांत होतं. होडी काढायची ती त्या वेळात. पाण्यात हात सोडून काका ओढ बघतात: पाणी बाहेर निघालंय की थांबलंय, वर एक आणि खाली दुसरंच चाललंय का.

मे अखेरीस जलपर्यटन बंद होतं ते सप्टेंबरपर्यंत. त्या तीन महिन्यांत मुखातली वाट बदललेली असते. हंगाम सुरू व्हायच्या आधी काका आणि आणखी दोघे-तिघे पर्यटकांशिवाय मुखावर जातात, बांबूने तळ चाचपतात, आणि नवी वाट सापडली की किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरतात. यंदाच्या खुणा त्यांनी मला दाखवल्या: भोगव्याच्या बाजूचं एक एकटं सुरूचं झाड आणि त्याच्या मागे डोंगरावरचा जांभ्याचा लाल कापा. झाड काप्याच्या बरोबर पुढ्यात आलं की खाली खोल पाणी. झाड डावीकडे सरकलं की वाळू. "मागच्या वर्साक ह्यो पट्टो हय नाय होतो," पाण्याखालच्या पिवळट सावलीकडे बोट दाखवत ते म्हणाले. हे ज्ञान एका वर्षाचं. पुढच्या सप्टेंबरात पुन्हा पहिल्यापासून. आणि याचा मोबदला पावतीवर कुठेही लिहिलेला नसतो. पावतीवर पॉइंट असतात.

अडीचच्या सुमारास काकांनी इंजिन बंद केलं. हात पाण्यात. मीही माझा हात सोडला. मला गार पाणी लागलं, बाकी काही नाही. ते झाडाकडे बघत होते, मग लाटांकडे. ओठ हलत होते, लाटा मोजत होते. तीन मोठ्या गेल्या. "आता," एवढंच म्हणाले आणि दांडा पिरगाळला. होडीची नाळ वर उचलली गेली, आपटली, पुन्हा उचलली गेली. तोंडावर खारं पाणी आलं, आणि आम्ही बाहेर होतो. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील.

भोगव्याचा किनारा लांबच लांब आहे आणि अजून बराचसा मोकळा. उतरून चाललो. ओल्या वाळूवर खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांची नक्षी, सुरूची सावली, वर जाऊन बघितलं तर माडांत दडलेली थोडी घरं. पुढे किल्ले निवतीचं टोक आणि त्याच्या पलीकडे सोनेरी खडक, उतरत्या उन्हात खरोखरच हळदीसारखे पिवळे. वाटेत दोन डॉल्फिनांच्या पाठी दिसल्या. काकांनी पाठलाग केला नाही, इंजिन मंद करून थांबले. क्षितिजावर वेंगुर्ला रॉक्सची बेटं धूसर दिसत होती. निवतीला उतरायला मला फक्त पंधरा मिनिटं मिळाली. "पाणी फिरला," काका म्हणाले आणि मी मुकाट्याने होडीत चढले.

परत येताना मुखाचा रंग बदलायला लागला होता. आत शिरल्यावर काका पहिल्यांदा सैल बसले आणि बोलले. तरुणपणी ते रापणीला असत. सगळा वाडा मिळून जाळं ओढायचा, मासळीत प्रत्येकाचा वाटा. पेडवे, बांगडे, मुडदुशे. मग मासळी कमी होत गेली. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, हळूहळू माणसं यायला लागली, आणि मासळीची होडी माणसांची झाली. मुलगा फोनवर बुकिंग घेतो. त्याच्याशी काकांचं एकाच गोष्टीवरून वाजतं: मुलगा गिऱ्हाइकाला वेळ विचारतो, काका तिथ विचारतात. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. त्यानंतर घरातला तो वाद बराच कमी झाला, असं ते म्हणाले.

दत्तजयंतीच्या त्या दिवसाबद्दल मी शेवटी विचारलंच. त्यांना तो आठवत नव्हता. असे दिवस हंगामात पुष्कळ येतात, म्हणाले. लोक रागावतात, काही जण अर्धेच पैसे देऊन जातात. त्या दिवशी आम्ही किती दिले होते, हे मला चांगलं आठवतं. उरलेले मी होडीतून उतरताना त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी आधी घेतले नाहीत, मग घेतले.

देवबागला जाल तेव्हा खोलीचं भाडं विचारण्याआधी भरती कितीला आहे ते विचारा, किंवा कॅलेंडरवर तिथी बघून स्वतःच पाऊणपट करा, आणि नाश्ता त्या हिशोबाने उरका. मुखापाशी होडीवाल्याने हात पाण्यात घातला, की तो बाहेर काढेपर्यंत होडीत कुणी बोलू नका. तो नको म्हणाला, तर ठरलेले पैसे पूर्ण द्या.