"जरा वाढवून लिहा": विम्याचे एस्टिमेट आणि कारागिराची सही

ठोकलेली गाडी गॅरेजमध्ये आली की दुरुस्तीआधी एस्टिमेटचा कागद तयार होतो. कोणता भाग बदलायचा, कोणता ठोकून सरळ करायचा, मजुरी किती आणि रंगाला किती, हे त्यात ओळीने लिहिलेले असते. विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान मोजायला सुरुवात करतो ती याच कागदावरून. गॅरेजवाला एस्टिमेट लिहीत असतानाच ग्राहक म्हणतो, "दादा, जरा वाढवून लिहा, क्लेममध्ये बसवून टाका." डेंटिंग-पेंटिंगवाल्यांना हे वाक्य चांगलेच ओळखीचे आहे. पुरानंतर दुकानाच्या फर्निचरचे कोटेशन देणारा सुतार, वायरिंगवाला आणि रंगारी यांनाही ते ऐकावे लागते.

असे म्हणणारा माणूस बहुतेक वेळा सराईत लबाड नसतो. पॉलिसी विकताना त्याला "फुल इन्शुरन्स आहे" एवढेच सांगितलेले असते. आपल्या पदरचेही काही जाणार आहे, हे त्याला गॅरेजच्या काउंटरवर पहिल्यांदा कळते. ही तफावत कशी तयार होते हे गॅरेजवाल्याला नीट समजावून सांगता आले, तर निम्मा वाद तिथेच मिटतो.

सर्वसाधारण मोटार पॉलिसीत बदललेल्या भागांवर घसारा कापला जातो. रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरवर ३० टक्के घसारा असतो. काचेवर काहीच नसतो. धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढतो. पहिल्या सहा महिन्यांत तो शून्य असतो, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के आणि दहा वर्षांपुढच्या गाडीला ५० टक्के. रंगाच्या एकत्रित बिलात एक चतुर्थांश भाग रंगसाहित्याचा धरतात आणि त्याच्या निम्मी रक्कम कापतात. मजुरीला घसारा नाही. शेवटी एकूण रकमेतून सक्तीची वजावट जाते. १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला ती १,००० रुपये आणि त्यापुढच्या मोटारीला २,००० रुपये असते. गॅरेजमध्ये तिला अनेकदा "फाइल चार्ज" म्हणतात, त्यामुळे ते पैसे गॅरेजच घेते असा ग्राहकाचा समज होतो.

साडेचार वर्षांच्या छोट्या मोटारीचा हिशेब घेऊ आणि सोयीसाठी कर बाजूला ठेवू. बंपर ६,०००, बॉनेट १०,०००, समोरची काच ५,०००, मजुरी ४,००० आणि रंग ८,००० धरला तर बिल ३३,००० रुपयांचे होते. कंपनी बंपरचे ३,०००, बॉनेटचे ६,५००, काचेचे ५,०००, मजुरीचे ४,००० आणि रंगाचे ७,००० धरते. बेरीज २५,५०० होते. १,००० वजा जाऊन २४,५०० मिळतात आणि ग्राहकाच्या खिशातून ८,५०० जातात. हे ८,५०० भरून काढण्यासाठीच "वाढवून लिहा" ही विनंती येते.

पण घसारा वाढवलेल्या आकड्यालाही लागतो. ८,५०० रुपये धातूच्या भागांतून काढायचे तर कागदावर १३,००० हून जास्त वाढवावे लागतील आणि प्लॅस्टिकमधून काढायचे तर १७,०००. मग ३३,००० चे एस्टिमेट पन्नास हजारांच्या घरात जाते. ५०,००० पासूनच्या मोटार दाव्याला परवानाधारक सर्व्हेअरची तपासणी बंधनकारक आहे. त्याखालच्या दाव्यातही कंपनीचा माणूस फोटो पाहतो, भागांची किंमत कंपनीच्या दरपत्रकाशी ताडतो आणि मजुरीचा आकडा त्याच भागातल्या इतर गॅरेजशी जुळवतो. म्हणजे ग्राहक ज्याला "जरा" म्हणतो ते प्रत्यक्षात जरा राहत नाही.

या वाढीची रूपे ठरलेली आहेत. मागच्या दरवाजाचा जुना डेंट नव्या अपघातात घुसवला जातो. ठोकून सरळ केलेला फेंडर बदललेला दाखवतात. कंपनीच्या भागाचे बिल लावून गाडीला मात्र लोकल माल बसवतात. कधी मजुरीचे तास फुगवतात. अपघाताची तारीख किंवा चालकाचे नाव बदलणे हे यांतले सर्वांत गंभीर, कारण तिथे रकमेबरोबर घटनाही खोटी होते. यांतले काही प्रकार ग्राहकाने न मागताच गॅरेजवाला सुचवतो, हेही खरे आहे. अशा वेळी खोट्या कागदावर दाव्याची सही करायची की नाही, हा प्रश्न ग्राहकापुढे येतो.

या कागदावर सही आणि शिक्का गॅरेजचा असतो, म्हणून खोट्या आकड्याची जबाबदारीही आधी तिथेच पोहोचते. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. फसवणूक करून मालमत्ता मिळवल्यास तिच्या कलम ३१८ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फसवणुकीसाठी बनावट कागद केल्यास कलम ३३६ लागते आणि त्यातही शिक्षेची कमाल मर्यादा तेवढीच आहे. न दिलेल्या मालाचे बिल फाडणे हा जीएसटी कायद्याच्या कलम १२२ खाली वेगळा गुन्हा असून त्याला १०,००० रुपये किंवा चुकवलेल्या कराइतका, यांपैकी जो जास्त असेल तो दंड आहे. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले नाही तरी गॅरेजचे नाव विमा कंपनीच्या कॅशलेस यादीतून जाऊ शकते, आणि छोट्या शहरातल्या अनेक गॅरेजांचा बराच धंदा त्या यादीवर चालतो. ग्राहकाचाही तोटा मोठा होतो. आगीच्या आणि घराच्या पॉलिसीत तर दावा कोणत्याही अंगाने फसवणुकीचा निघाल्यास सगळा लाभ गमावण्याची अट स्पष्ट लिहिलेली असते. वरच्या उदाहरणात ८,५०० च्या मागे लागून हक्काचे २४,५०० धोक्यात येतात.

नकार देण्याआधी मात्र गॅरेजवाल्याने आपले एस्टिमेट खरोखर पूर्ण आहे का, हे पाहिले पाहिजे. अनेक एस्टिमेटे वरवर पाहून घाईत लिहिलेली असतात. बंपर उघडल्यावर आतला सपोर्ट वाकलेला दिसतो, रेडिएटरचे माउंटिंग तुटलेले असते, हेडलाइटचे कान गेलेले असतात. शेजारच्या पॅनलवर रंग मिसळावा लागतो, व्हील अलाइनमेंट करावी लागते. हे सगळे अपघाताचेच नुकसान आहे आणि ते मागण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. पद्धत अशी की गाडी उघडण्याआधी एक पाहणी व्हावी, उघडल्यावर फोटो काढून पुरवणी एस्टिमेट द्यावे, आणि सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय नवा भाग बसवू नये. जुने भाग भंगारात न टाकता सर्व्हेअर पाहीपर्यंत जपून ठेवावेत. प्रत्येक ओळीला पार्ट नंबर आणि फोटो असेल तर खरे नुकसान सहसा कापले जात नाही. प्रामाणिक गॅरेज ग्राहकाला मिळवून देऊ शकते ते इथे, आणि हे काम मन लावून करणारी गॅरेजे फार नाहीत.

उरलेल्या मागणीला नकार द्यायचा तो फाइल उघडतानाच द्यावा. गाडी अर्धी उघडल्यावर दिलेला नकार ग्राहकाला अडवणूक वाटतो. बोलण्यात आरोपाचा सूर नको. ग्राहकाला चोर ठरवले की तो पलीकडच्या गॅरेजमध्ये जातो आणि तिथे हेच काम करून घेतो. "साहेब, मागचा डेंट जुना आहे, तो या क्लेममध्ये येत नाही. गाडी रंगाला लागणारच आहे, तर त्याच फेरीत तोही करून देतो. वेगळ्या बिलावर, कमी मजुरीत." असे म्हटले तर नकाराबरोबर वाटही दिसते. त्यासाठी अपघाताचे एक आणि ग्राहकाच्या खासगी कामाचे दुसरे, अशी दोन जॉब कार्डे करावीत. खासगी कामात दिलेली सवलत मात्र गॅरेजच्या नफ्यातूनच गेली पाहिजे, क्लेमच्या मजुरीतून ती परत काढता कामा नये. नव्या भागाऐवजी डेंट काढून भागत असेल तर तोही पर्याय ग्राहकापुढे ठेवावा, त्यात त्याचे पदरचे पैसे वाचतात.

"इतकी वर्षे हप्ते भरले, एकदाही क्लेम घेतला नाही," ही तक्रार हमखास येते. तिच्यामागची भावना समजण्यासारखी आहे. पण हप्ता ही ठेव नसते. दावा न करणाऱ्याला मिळणारा परतावा म्हणजे नो क्लेम बोनस. एका दावामुक्त वर्षानंतर तो २० टक्के असतो आणि २५, ३५, ४५ असा वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जातो. ही सूट हप्त्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर मिळते. हा भाग ८,००० चा असेल तर ५० टक्के बोनस म्हणजे वर्षाला ४,०००. त्यामुळे पाच-सहा हजारांच्या दुरुस्तीसाठी दावा केला तर पुढच्या वर्षीच बहुतेक फायदा परत जातो, आणि बोनस पुन्हा ५० टक्क्यांवर यायला आणखी वर्षे लागतात. गॅरेजवाल्याने हा हिशेब कागदावर मांडून दाखवला तर लहान दावे ग्राहक स्वतःच सोडून देतो. पुढच्या नूतनीकरणात शून्य घसाऱ्याचे जोडकवच घ्यायला सांगणे हाही चांगला सल्ला आहे, कारण तफावतीचा मोठा भाग त्याने जातो.

दुकानाच्या विम्यात तफावत वेगळ्या कारणाने पडते. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा पुरानंतर दुकानदार कारागिराकडे दुप्पट कोटेशन मागतो, त्यामागे बहुधा अपुरा विमा असतो. २० लाखांच्या मालाचा विमा १० लाखांचा असेल तर ४ लाखांच्या नुकसानीला सरासरीच्या नियमाने २ लाखच मिळतात. ५ कोटींपर्यंतच्या उद्योग-दुकानांसाठीच्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. घरांसाठीच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत अपुऱ्या विम्याची कपात होत नाही. या दोन्ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहेत. कोटेशन फुगवून विम्याची तूट भरून निघत नाही. ती भरायची वेळ म्हणजे नूतनीकरण.

"ते कापतातच, म्हणून आधीच वाढवायचे" हे कारण सर्वांत जास्त ऐकू येते आणि त्यात तथ्य आहे, कारण काही कपाती खरोखर अन्यायाच्या असतात. त्यांच्यासाठी रीतसर मार्ग आहे. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागावी आणि कापलेल्या ओळींवर लेखी हरकत घ्यावी. सर्व्हेअरचा अहवाल हा अंतिम शब्द नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीपकुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालये मुंबईत, पुण्यात आणि ठाण्यात आहेत. तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई देता येते आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारीसोबत मूळ आणि पुरवणी एस्टिमेट, उघडलेल्या गाडीचे फोटो आणि पक्की बिले जोडावीत. म्हणून गॅरेजनेही या सगळ्याच्या प्रती गाडी गेल्यावर निदान वर्ष-दीड वर्ष सांभाळून ठेवाव्यात.