वर बघून अंथरूण टाका

चिंचणीहून बोईसर, तिथून चिल्हार रस्त्याने महामार्ग आणि मग खोडकोना गावाची वाट. अशेरीगड हा आम्हा किनाऱ्यावरच्या पोरांचा घरचा गड. उंची सुमारे १,६८० फूट, म्हणजे सह्याद्रीच्या मानाने लहानच. पोर्तुगीजांनी तो बरीच वर्षं राखला, त्यांचं राजचिन्ह कोरलेला दगड अजून वाटेवर दिसतो. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या धामधुमीत, १७३७ ते १७३९ या काळात, तो मराठ्यांकडे आला. माथ्यावर पाण्याची टाकी आहेत आणि कातळात कोरलेली एक गुहा. गुहेत अशेरी देवीचं ठाणं आहे, आसपासच्या पाड्यांवरची माणसं तिला मानतात. पंधरा-वीस जण सहज झोपतील एवढी जागा. तंबूचं ओझं नको, पावसाची भीती नको, म्हणून मुक्कामी येणारा प्रत्येक जण थेट गुहेतच पाठपिशवी टाकतो.

मीही वर्षानुवर्षं तेच केलं. नोव्हेंबर २०१८ नंतर मात्र गुहेत आडवं पडलं की नजर आपोआप वर जायला लागली.

त्या महिन्यात आमच्या उत्तरेला, डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, धुंदलवाडीभोवती जमीन हलू लागली. एकदा हलून थांबली नाही. धक्के येतच राहिले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून घराबाहेर पळताना पडून एक दोन वर्षांची मुलगी दगावली. पाड्यांवर तंबू वाटले गेले. ऐन थंडीत माणसं घर सोडून अंगणात, शेतात, ताडपत्रीखाली झोपली, कारण डोक्यावरच्या छपराचा भरवसा उरला नव्हता. आणि त्याच जिल्ह्यात शनिवार-रविवारी आम्ही हौशी मंडळी दगडी छताखाली जाऊन निवांत घोरत होतो. ही विसंगती मला तेव्हापासून सोडत नाही.

कोणी म्हणेल, सह्याद्रीतली लेणी दोन हजार वर्षं उभी आहेत, त्यांना काय होतंय? उभी आहेत हे खरं. पण जशी कोरली तशीच सगळी उभी नाहीत. राजमाचीच्या पायथ्याचं कोंढाण्याचं चैत्यगृह आठवा. तिथल्या कित्येक खांबांचे खालचे भाग केव्हाच गेले आणि वरचे तुकडे छताला लोंबत राहिलेत. आपला डोंगर एकसंध दगड नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्याचा हा बसाल्ट. दोन थरांच्या सांध्यात बऱ्याच ठिकाणी लालसर मातीचा मऊ पट्टा असतो. तो आधी झिजतो, वरचा कठीण थर पुढे आलेला राहतो आणि आपल्याला आयती कपार मिळते. ज्या झिजण्याने निवारा तयार झाला, ते झिजणं आपण झोपलो म्हणून थांबत नाही. शिवाय थंड होताना बसाल्टला उभे-आडवे तडे गेलेले असतात. पावसाळ्यात त्यांत पाणी उतरतं, उंबर-पिंपळाची मुळं शिरतात. चार महिने भिजलेला डोंगर पाऊस संपल्यावर सुकू लागतो, तेव्हाही त्यातून दगड सुटतात. नेमका तोच आपला मुक्कामांचा हंगाम.

घाटमाथ्यावरच्या एका गुहेत पहाटे माझ्या उशाशी काहीतरी पडलं. आवाज एवढासाच, सुपारी फुटावी तसा. विजेरी लावली तर तळहाताएवढी दगडाची ढलपी. वर पाहिलं. सगळं छत चुलींच्या धुराने काळं कुळकुळीत आणि मधे तेवढाच एक निळसर करडा, ताजा डाग. त्याच्या कडेने केसाएवढी भेग पुढे गेली होती आणि ती माझ्या शेजारी झोपलेल्या पोराच्या बरोबर डोक्यावर जाऊन दुसऱ्या भेगेला मिळत होती. त्याला हाताला धरून उठवलं, सगळ्यांची अंथरुणं तोंडाकडे ओढली. बाकीची रात्र कोणी झोपलं नाही.

पुढे ही गोष्ट दगडखाणीत आयुष्य काढलेल्या एका काकांना सांगितली. ते म्हणाले, "दगड वाजवून नाय बघितला?" खाणीत काम सुरू करण्याआधी लांब पहारीने कातळ ठोकतात. खणखणीत वाजला तर धरून आहे, बद्द वाजला तर सुटलाय. ठोकताना स्वतः त्या दगडाखाली उभं राहायचं नाही, एवढंच पथ्य. त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. जमिनीवर टोकदार, स्वच्छ कडांचे तुकडे पडलेले असतील तर ते अलीकडचे. धूळ बसलेले, गोल झालेले असतील तर जुने. आणि दोन-तीन भेगा एकमेकींना मिळून छतात पाचर तयार झाली असेल, तर तिच्याखाली भांडंसुद्धा ठेवायचं नाही. हे सगळं दिवसाउजेडी बघायचं. अंधारात पोचून विजेरीच्या उजेडात अंथरुणं टाकणारे आम्ही नेमकं तेवढंच करत नाही.

छत धुराने काळं होतं त्याचीही एक बाजू आहे. आतल्या आगीने कातळाचं वरचं कवच तापून फुगतं, आतला दगड थंडच राहतो, आणि पापुद्रे सुटतात. कातळ तापवून, वर पाणी ओतून फोडायची जुनी रीत याच तत्त्वावर चालायची. गुहेत चूल मांडणं म्हणजे आपल्याच छताला ती रीत लावणं. त्याहून वाईट म्हणजे वारा नको म्हणून तोंडाला प्लास्टिक बांधायचं आणि आत निखारे ठेवून झोपायचं. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेल्याला जागच येत नाही.

मग मण्यार. छताइतकीच भीती मला हिची वाटते. ती निघते रात्री. सांडलेल्या भातावर उंदीर येतात, त्यांच्या आणि पाली-सापांच्या मागावर ती येते. दंश झोपेत होतो, बरेचदा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात कळ, पापण्या जड, बोलताना जीभ अडखळते. सोबती म्हणतात, काल खाल्लेलं बाधलं असेल. आणि तास निघून जातात. पुढे श्वास अडकतो. म्हणून गुहेतल्या मुक्कामानंतर कोणाच्या पापण्या मिटायला लागल्या तर चावल्याची खूण शोधत बसू नये. न चालवता, उचलून खाली आणावं, १०८ला फोन लावावा, आणि प्रतिसर्पविष व कृत्रिम श्वासाची सोय असेल असं रुग्णालय गाठावं. मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचली की हा धोका पुष्कळ कमी होतो. नेपाळच्या तराईतल्या अभ्यासातही ते दिसलं आहे. विंचवाचं म्हणाल तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून कोकणातली कितीतरी माणसं वाचवली. पण औषध मिळायला आधी गड उतरावा लागतो.

वटवाघळांना मी दोष देत नाही, घर त्यांचं आहे. मात्र मार्च २०२०मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं तपासली, तेव्हा त्यांच्यात निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आढळली. ही वटवाघळं म्हणजे गुहेतच राहणारी फळखाऊ जात. युगांडातल्या पायथन केव्ह या वटवाघळांच्या गुहेला भेट दिलेली एक डच प्रवासी २००८ साली मारबर्ग तापाने गेली. ती तिथे झोपलीही नव्हती. घाबरून वटवाघळांना धूर देऊ नये, हुसकावू नये. जमिनीवर विष्ठेचा थर दिसला की ती गुहा आपली नाही, एवढं समजून बाहेर यावं. तीच गोष्ट आग्या मोहोळांची. कपारीवर पोळं लोंबत असेल तर खाली धूर नाही, आरडाओरडा नाही, मुक्काम तर नाहीच.

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१मध्ये आलं. त्यात आयोजकांच्या नोंदणीवर भर आहे आणि तो हवाच. पण नोंदणीचा कागद छत धरून ठेवत नाही. आमच्या जिल्ह्यात एवढे धक्के बसून गेल्यावर, जिथे लोक खरोखर रात्री राहतात त्या गडांवरच्या गुहा एखाद्या भूशास्त्रज्ञाने आणि खाणीतल्या जाणत्या माणसाने मिळून बघाव्यात, अशी माझी मागणी आहे. सुटलेल्या पाचरीखाली रंगाची एक रेघ ओढावी: याच्या आत झोपू नका. खोडकोनासारख्या पायथ्याच्या गावातल्या पोरांना त्यात घ्यावं, कारण पावसाळ्यानंतर काय नवं पडलंय ते सगळ्यात आधी त्यांनाच दिसतं.

तोवर मी माझ्यापुरतं ठरवलंय. गडावर चारच्या आत पोचायचं. गुहेत देवीला नमस्कार करून काठी घेऊन छत वाजवायचं. पोरं वैतागतात, चहाची वाट बघत बाहेर बसतात. गेल्या खेपेला त्यांतल्याच एकाने माझ्या हातातली काठी घेतली, एका कोपऱ्यात दोनदा ठोकली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "काका, इथे बद्द वाजतंय." आम्ही त्या रात्री बाहेर, टाक्याजवळच्या सपाटीवर तंबू लावले.