"भाऊ, कार्टून काढून पोट भरन का?"

गेल्या जूनमध्ये उत्तर नागपुरातील इंदोऱ्यातून आम्हाला एका कामगाराच्या घरचे बोलावणे आले. मुलगा कला शाखेतून बारावी झालेला. १४ एप्रिलला त्याने मोबाईलवर एक मिनिटाची फिल्म केली होती. तीत निळी अक्षरे एकेक करून उमटतात आणि चवदार तळ्याचे पाणी हलू लागते. वस्तीत ती घरोघरी पोहोचली. आता त्याला हेच मोशन डिझाइन पदवीला शिकायचे आहे. बापाने विचारले, "भाऊ, कार्टून काढून पोट भरन का पोराचं?"

प्रश्न रास्त आहे. पण टीव्हीच्या बातम्यांची हलती शीर्षके, जाहिराती, शाळेचे डिजिटल धडे ही सारी कामे याच धंद्यातली. सॉफ्टवेअर काही महिन्यांत हाताला येते. रेखाटन, अक्षरांकन, कथेची मांडणी, वेळेचे भान यायला वर्षे लागतात, म्हणून पदवी.

आणि ही कला आपल्याला परकी कुठे आहे? १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा झाली, त्याच साली मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला. शिकवायला डिस्ने कंपनीत काम केलेले क्लेअर वीक्स होते. १९५७ साली विभागाने 'द बनियन डिअर' हा चित्रपट केला, तो जातककथेवर! पूर्वजन्म आम्ही मानत नाही, पण या खात्याची सुरुवात बौद्ध कथेने झाली, हे आपल्या किती घरांत ठाऊक आहे?

बाप एका खासगी क्लासमध्ये बयाणा भरायला निघाला होता. 'डिग्री' मिळेल असे तिथे सांगितले होते. कोणत्या विद्यापीठाची, हे आम्ही विचारायला लावले. उत्तर आले नाही. अशा नुसत्या प्रमाणपत्राला भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळत नाही, हे आधी कुणी सांगितलेच नाही.

नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. तिथे उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी आहे. नाव मोशन डिझाइन नसले तरी पाया तोच. प्रवेश राज्याच्या सीईटीतून. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र काढावे लागते. पण आम्ही पोहोचलो तेव्हा ती सीईटी होऊन गेली होती. एक वर्ष गेले, ते बुद्धी कमी म्हणून नव्हे, तारीख कळली नाही म्हणून.

पवईच्या आयआयटीत डिझाइनची पदवी २०१५ पासून आहे. तिची यूसीड परीक्षा जानेवारीत होते, बारावीची कोणतीही शाखा चालते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना तिथे शिकवणी शुल्क माफ आहे. मेसचा खर्च मात्र उरतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ॲनिमेशन शिकवतात, तिची परीक्षाही हिवाळ्यातच सुरू होते.

या दोन्हींचे फॉर्म भरण्याचे दिवस आणि दीक्षाभूमीवर लाखो लोक येण्याचे दिवस जवळपास एकच, ऑक्टोबरचे. तिथे पुस्तकांचे शेकडो स्टॉल लागतात. तारखा, फी आणि शिष्यवृत्ती छापलेले एक पानी पत्रक प्रत्येक स्टॉलवर ठेवायला खर्च तो किती येणार? विहार समित्यांनी आताच बैठक घ्यावी.

इंदोऱ्यातला मुलगा सध्या समोर तांब्या ठेवून रोज वस्तुचित्र काढतो. बाप अजून पुरता पटलेला नाही.