वकिलीचे शिक्षण आणि कर्जाची वही

बारावीची परीक्षा अद्याप व्हायची असते आणि त्याआधीच काही घरांत एक अवघड प्रश्न येऊन उभा राहतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा अलीकडे डिसेंबर महिन्यात होते. निकाल लागतो, मुलीचा क्रमांक चांगला येतो, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात, आणि रात्री निजानीज होण्यापूर्वी वडील हळूच विचारतात, "पाच वर्षांचा खर्च किती येईल, बाळ?"

बेळगावच्या शहापुरातील अशाच एका घराची कल्पना करावी. वडिलांचे चार यंत्रमाग आहेत, आई शिवणकाम करते, धाकटा भाऊ आठवीत आहे. मुलीचे वय सतरा. लहानपणी आजोबांच्या जागेचा दावा वर्षानुवर्षे रेंगाळलेला तिने पाहिला आणि तेव्हापासून काळा कोट घालून न्यायालयात उभे राहण्याचे तिने मनाशी ठरविले आहे. तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एक दूरच्या नामांकित विद्यापीठाची, दुसरी गावातल्याच विधी महाविद्यालयाची.

या नामांकित विद्यापीठांचा इतिहास फार जुना नाही. कर्नाटक विधिमंडळाने १९८६ साली केलेल्या कायद्यान्वये बंगळूर येथे पहिले राष्ट्रीय विधी विद्यालय स्थापन झाले आणि १९८८ मध्ये तेथे अध्यापनास आरंभ झाला. माधव मेनन हे त्याचे पहिले संचालक. बारावीनंतर पाच वर्षे सलग कायद्याचे शिक्षण द्यावे, वैद्यकी वा अभियांत्रिकीइतक्याच गांभीर्याने ते द्यावे, हा त्यामागील विचार होता. तो यशस्वी झाला आणि पुढे भोपाळ, हैदराबाद, गांधीनगर, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा अनेक ठिकाणी तशी विद्यापीठे निघाली. २००८ पासून त्यांपैकी बहुतेकांचा प्रवेश एकाच सामाईक परीक्षेतून होऊ लागला.

आता खर्चाकडे वळावे. शिक्षणशुल्क, वसतिगृह व भोजन धरून अशा विद्यापीठात वर्षाला साधारणतः अडीच ते साडेचार लाख रुपये लागतात. हिशोबासाठी तीन लाख धरले, तरी पाच वर्षांचे पंधरा लाख होतात. गावातल्या महाविद्यालयाचे शुल्क याच्या एका लहानशा अंशाइतके असते आणि घरचे अन्न, घरचे छप्पर सुटत नाही.

परंतु पंधरा लाख म्हणजे केवळ पंधरा लाख नव्हेत, हे ध्यानी घ्यावयास हवे. बँकेच्या शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे सर्वसाधारणपणे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. तथापि व्याज मात्र साचत राहते. दर वर्षारंभी तीन लाख उचलले आणि व्याज दरसाल दर शेकडा दहा रुपये, सरळ पद्धतीने धरले, तर पहिल्या तीन लाखांवर सहा वर्षांचे, दुसऱ्यावर पाच वर्षांचे, असे करीत एकूण सहा लाख रुपये व्याज होते. म्हणजे परतफेडीच्या पहिल्या दिवशी मुलीच्या डोक्यावर एकवीस लाखांचे ऋण असते. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर महिन्याचा हप्ता सुमारे २७,७५० रुपये आणि एकूण भरणा तेहतीस लाखांवर. मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता सुमारे २२,६०० वर उतरतो. पण एकूण भरणा चाळीस लाखांच्या पुढे जातो. हप्ता हलका झाला म्हणजे कर्ज हलके झाले असे नव्हे.

या पैशाच्या बदल्यात काय मिळते? उत्तम ग्रंथालय, अभिरूप न्यायालयातील सराव, देशभरचे सहाध्यायी, आणि मुंबई-दिल्लीच्या मोठ्या विधी संस्थांचे दार. जुन्या, नावाजलेल्या विद्यापीठांतून या संस्था मुलांना थेट निवडून नेतात आणि आरंभीच महिना लाखाहून अधिक वेतन देतात. त्या वेतनातून हप्ता सहज फिटतो. मात्र सर्वच विद्यापीठांत, सर्वच मुलांना ही संधी लाभते असे नाही.

खरा पेच पुढेच आहे. या मुलीला मोठ्या कंपन्यांचे करार लिहावयाचे नाहीत. तिला न्यायालयात उभे राहावयाचे आहे. तेथे नवख्या वकिलाची मिळकत तुटपुंजी असते. भारतीय वकील परिषदेने २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. पण ती शिफारसच आहे. ते मिळाले तरीही २७,७५० चा हप्ता त्यातून निघत नाही. न्यायाधीश व्हावयाचे म्हटले, तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निर्णयानुसार कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशपदासाठी आधी तीन वर्षांची वकिली आवश्यक आहे. तात्पर्य, कर्ज केवळ पैसा घेत नाही. पुढे कोणते काम करावयाचे हेही ते ठरवू पाहते.

म्हणून अर्ज भरताना काही गोष्टींची चौकशी अवश्य करावी. विद्यापीठाकडे शुल्कमाफी वा शिष्यवृत्ती आहे काय, हे लेखी विचारावे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपल्या राज्याच्या विद्यापीठातील स्थानिक विद्यार्थ्यांच्या राखीव जागा आधी पाहाव्यात. मातृभाषा मराठी असली तरी रहिवास कर्नाटकचा वा मध्य प्रदेशचा असतो, हे पुष्कळदा विसरले जाते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी विनातारण कर्ज मिळते आणि आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना, ठरावीक विद्यार्थिसंख्येपर्यंत, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात व्याजात तीन टक्के सवलत आहे. घराचे कागद बँकेत ठेवण्यापूर्वी ही वाट पाहून घ्यावी. गरीब व वंचित मुलांना या परीक्षेसाठी तयार करण्याकरिता शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेली 'इडिया' ही संस्थाही आहे.

शिवाय दार एकदाच उघडते असे नाही. गावी राहून कायद्याची पदवी घ्यावी आणि पुढे एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी राष्ट्रीय विद्यापीठात जावे, हाही मार्ग आहे. त्यात खर्च एका वर्षाचा होतो. आणि गावच्या महाविद्यालयाला कमी लेखण्याचेही कारण नाही. १९८९ साली भारताचे सरन्यायाधीश झालेले ई. एस्. वेंकटरामय्या हे बेळगावच्या राजा लखमगौडा विधी महाविद्यालयातही शिकले होते.

याचा अर्थ कर्ज काढूच नये असा नव्हे. विद्येसाठी घेतलेले ऋण हे लग्नातल्या मांडवासाठी घेतलेल्या ऋणाहून केव्हाही बरे. परंतु ज्याच्या नावावर ते चढणार, त्या सतरा वर्षांच्या मुलीला त्याचा आकडा कळलाच पाहिजे. "तू नुसता अभ्यास कर, पैशाचे आम्ही पाहू," असे प्रेमाने म्हणणारे आईबाप तिचे ओझे कमी करीत नाहीत. ते पाच वर्षे पुढे ढकलतात. त्यापेक्षा एका संध्याकाळी वही उघडून तिघांनी शेजारी बसावे. एका पानावर हप्ता लिहावा, दुसऱ्यावर तिला करावेसे वाटणाऱ्या कामाची पहिल्या पाच वर्षांची मिळकत लिहावी, आणि तिसऱ्यावर धाकट्या भावाच्या शिक्षणाचा वाटा. ही तीन पाने जुळली तर निःशंक मनाने जावे. न जुळली तर स्वप्न सोडावयाचे नाही, वाट तेवढी बदलावयाची. वाट बदलली तरी काळा कोट तोच राहतो.